बुशेहरला उतरलास तर

हेरंब, तुझं जहाज बुशेहरला लागणार असं कळलं.
आमचा पंप बसला होता तिथे,
सुटा भाग येईपर्यंत चार दिवस.
इंजिनरूमच्या बाहेर सलग चार दिवस
सोळा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी आधी रोटी.
जुन्या वस्तीतल्या गल्ल्या दोघांना पुरतात,
तिसरा आला की भिंतीला चिकटायचं.
लाकडी झडपांच्या एका सज्जाखाली भट्टी आहे.
पाटी नाही, रांग बघ.
रोटी थेट हातावर ठेवतात.
सोसत नसेल तर नाचव, सगळेच नाचवतात.

चहा धक्क्यावर, जायर खिज्रकडे.
साखर पेल्यात टाकू नकोस, त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.
खडा दातांत धर, चहा त्याच्यावरून जाऊ दे.
बाकावर लेंजवरची माणसं जाळी तुणत बसतात.
एकाने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हर्णै.
त्याला काय कळणार हर्णै?
मग म्हटलं, माझा बाप नाखवा,
आणि बाप आता नाही म्हणून बोट आभाळाकडे केलं.
"नाखुदा?"
सुई तशीच धरून तो सरकला,
बाकावर माझ्यापुरती जागा झाली.
कधीतरी तिकडून इकडे आलेला शब्द,
वाटेत थोडा झिजला, एवढंच.

दुपारी कुठे जाऊ नकोस.
हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडते.
बाजाराच्या तोंडाशी सब्ज्याचं सरबत मिळतं,
गुलाबपाणी जरा जास्तच. तरी दोन पी.

रात्री मात्र माहबानूकडे.
चार टेबलं, एक पंखा, तोही तिच्याकडे वळवलेला.
माशाचं कालवण मागव:
कोथिंबीर, मेथी, लसूण, चिंच,
रंग खडकावरच्या शेवाळाचा.
रंगावर जाऊ नकोस.
चिंचेला ती 'हिंदी खजूर' म्हणते.
मी म्हटलं, बाई, हिच्यात खजूर कुठाय?
माझं मराठी ऐकून तिने आणखी एक डाव वाढला.

पैसे काढले तर हात छातीवर ठेवून
ती काहीतरी म्हणाली.
शेजारच्या टेबलावरच्या पोराने सांगितलं,
"काही नाही. किंमत नाही."
मला वाटलं, परदेशी खलाशी म्हणून.
हात जोडले, निघालो.
तीन रात्री हेच, आणि बेंजामिन बरोबर.
बेंजामिन किती खातो तुला माहीतच आहे.

चौथ्या दिवशी एजंटचा कारकून बेहरूज
शिडीवर उभा राहून डोळे पुसेपर्यंत हसला.
"अहो, ती रीत असते!
नको नको म्हणायचं, मग घ्यायचं."
तोवर दोर सुटले होते.

म्हणून हे पाकीट. मोजून घे.
ती नको म्हणेल, दे. पुन्हा म्हणेल, पुन्हा दे.
चौथ्यांदा मीठदाणीखाली ठेव आणि म्हण, हिशेब.
हा शब्द तिला कळतो.
माझ्या जिभेवर होता, तीन रात्री,
चिंचेच्या खालीच कुठेतरी.