भाता

कार्यक्रमपत्रिकेत एक रकाना असतो: वाद्य.
वाल्ट्राउट तिथं काहीच लिहीत नाही.
कोलोनच्या रेडिओत, तिसऱ्या मजल्यावर,
ती कात्रीनं सूर कापते.
शहात्तर सेंटिमीटर टेप म्हणजे एक सेकंद.
तुकडे खिळ्यांवर लोंबतात.

आज बाप आलाय, टोपी मांडीवर ठेवून बसलाय.
बावीस वर्षं त्यानं चर्चमधल्या ऑर्गनचा भाता
पायानं दाबला.
मग मोटार बसली,
आणि त्याला निरोपाचं घड्याळ मिळालं.

"मग आमचा ऑर्गनही इलेक्ट्रॉनिकच झाला की."
"नाही बाबा. तिथं वीज नुसता वारा घालते,
इथं वीजच गाते."
"आणि रेडिओवरचं गाणं?"
"ते नाही."
"ती विजेची गिटार?"
"तिथं कुणीतरी तार छेडतं..."
ती थबकते. व्याख्या
कालपर्यंत बरी बसत होती.

ती टेप लावते.
ना गळा, ना लाकूड, ना आतड्याची तार;
एक सूर खोलीत नुसता उभा राहतो.

म्हातारा उठतो, स्पीकरच्या कागदाला
तळहात लावतो.
कागद धापा टाकतोय.

"अगं, हवाच ढकलतंय की हे,"
तो म्हणतो,
आणि त्याचा उजवा पाय
जमिनीवर
दबतो, सुटतो, दबतो.