शेवटचा बदल

कॉलेजच्या वेबसाइटवर माझं नाव कुठेच नाही.
चारशे बारा पानं आहेत, आणि प्रत्येकाच्या तळाशी
बारीक करड्या अक्षरांत एक ओळ:
शेवटचा बदल, अमुक तारीख.
ती ओळ म्हणजे मी.

होमा बेमध्ये दुपारी वीज जाते.
तेवढा वेळ मी खिडकीतून सरोवर बघते.
जलपर्णी काठाला येते, पुन्हा आत सरकते.
खाली बाया ओमेना वाळत घालतात,
खराब मूठ बाजूला काढतात,
कुणी बघत नसलं तरी.

फेब्रुवारीत म्फांगानो बेटावरून एक पोरगा आला.
फेलिक्स ओसुरी. आधी बोट, मग माटाटू,
मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रमाणपत्रं.
त्याला बोटीच्या इंजिनांचा कोर्स करायचा होता.
मी म्हटलं, तो बंद होऊन चौदा महिने झाले.
भांडला नाही. फोन पुढे केला.
काचेला तडा, आणि तड्यामागे आमचं पान:
प्रवेश सुरू आहेत.
तारीख तीन वर्षांपूर्वीची.
फीसाठी घरच्यांनी काय विकलं ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चहा पाजला, परतीचं भाडं दिलं.
भाड्याने काय फिटतं?
दुकान बंद झालं की फळ्या लागतात,
कुलपावर धूळ बसते, येणाऱ्याला लांबूनच कळतं.
इथे धूळ बसत नाही.
खोटं झालेलं पानसुद्धा कोरं करकरीत दिसतं.

त्या रात्री पानं निवडायला बसले,
तांदूळ निवडावेत तशी.
वसतिगृहात चोवीस तास पाणी: खोडलं,
आठवड्यातून चार दिवस, असं लिहिलं.
पहिल्या वर्षाच्या मुलींचे फोन नंबर,
कुणीतरी यादीसकट चढवलेले: काढले,
आणि किती दिवस उघड्यावर होते ते मोजताना हात थांबला.
जिथे चाकाच्या खुर्चीला उतार नाही तिथे लिहिलं, उतार नाही.
प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहिलं,
कारण ग्रंथालयातला मुसुम्बा कानाने वाचतो.
प्राचार्य म्हणाले, शंभर टक्के नोकऱ्या, असं टाक.
मी यादी मागितली.
ते हसले. यादी अजून यायची आहे.

मग इंजिनांचं पान.
चौकशीसाठी: ओगाडा सर, आणि खाली नंबर.
सर गेले म्हणून तर कोर्स बंद झाला.
पुसण्याआधी नंबर लावून बघितला.
दुसऱ्याच घंटीला बाईंनी उचलला.
म्हणाल्या, येतात फोन,
कुणी बुसियाहून, कुणी पार सीमेपलीकडून.
मी सांगते, ते आता नाहीत.
पोरं गप्प होतात, मग म्हणतात, पोले, मामा.
काल एकाला कार्ब्युरेटर कसा साफ करायचा ते सांगितलं,
ऐकून ऐकून तेवढं येतं मला.
आणि जरा थांबून,
नंबर काढणार आहेस का?

बाहेर जनरेटर सुरू झाला होता.
बघते, म्हटलं.
हा शब्द मी कुणाला पानावर लिहू देत नाही.

काढला.
पोरांच्या बोटभाड्यावर
बाईंचा एकटेपणा भागवता येत नाही,
हे स्वतःला तीनदा ऐकवलं.
तिन्ही वेळा खरं होतं, आणि एकदाही बरं वाटलं नाही.

वरच ठळक लिहिलं, कोर्स बंद आहे.
खाली, किसुमूला कुठे शिकवतात, फी किती,
स्वतः फोन करून विचारलेली.
आणि सरांबद्दल चार ओळी.
त्या बाईंना वाचून दाखवल्या.
त्यांनी चूक काढली:
सव्वीस नव्हे, सत्तावीस वर्षं.
सुधारलं. तळाशी तारीख आपोआप बदलली.

फेलिक्सचा नंबर एका चिठ्ठीवर आहे,
कीबोर्डखाली.
तो अजून लावलेला नाही.