सेहेचाळीस

कमरेला पंप बांधून घरी आलो.
गळ्याखालच्या नळीतून थेंब थेंब,
सेहेचाळीस तास चालेल, नर्स म्हणाली.
पेपरातही तोच आकडा: नागपूर सेहेचाळीस.

सक्करदऱ्यात माझं कूलर दुरुस्तीचं दुकान.
बावीस उन्हाळे लोकांच्या खिडक्यांत वाळा भरला,
आणि यंदा मलाच थंड वर्ज्य.
माठाला बोट लागलं तरी टाचण्या,
गार घोट गळ्यात काचेसारखा अडकतो.
चंद्रकला पाणी कोमट करून देते,
बाहेर डांबर पातळ झालेलं.

उमाळे मॅडमनी कागदावर चित्र काढलं होतं:
हे आतडं, ही गाठ. हे यकृत, हे तीन डाग.
आधी औषध, मग चाकू, मग पुन्हा औषध.
मी म्हटलं, समजलं मॅडम,
गंजल्या बोल्टला एकदम पाना लावत नाहीत,
रॉकेल सोडायचं, रात्रभर थांबायचं.
त्या हसल्या.
बोल्ट कधी कधी तुटतो, हे मी बोललो नाही.
त्यांनाही ते माहीत असावं.

सहा फेऱ्या. जिभेवर पितळ,
तर्रीच्या नुसत्या वासानं उलटी,
तळपायांखाली कुणी रेती पसरून ठेवलेली.
नव्या स्कॅनमध्ये डाग दोनच, मसुरीएवढे.
तिसरा?
दिसत नाही, मॅडम म्हणाल्या,
पण तिथलंही कापणार.
न दिसणारी गळती मला कोण शिकवणार!

पोळ्याच्या आदल्या दिवशी टेबलावर घेतलं.
दोन दिवसांनी, मी अर्धवट शुद्धीत,
चंद्रकलेनं फोन कानाशी धरला:
इतवारीच्या गर्दीतून पोरगा घसा फोडून ओरडत होता,
"रोगराई घेऊन जाय गे मारबत!"
हसू आलं, टाके ओढले.

पोटावर पिशवी. तात्पुरती, म्हणतात.
यकृताचा कापलेला तुकडा पुन्हा भरून येतो म्हणे.
कूलरचा पत्रा असा वाढत असता
तर आम्ही उपाशीच मेलो असतो.

आता कार्तिक. उरलेल्या सहातली दुसरी फेरी.
लोक कूलर गच्चीवर झाकून ठेवताहेत,
गारठा आपण होऊन घरात शिरतो.
हातमोजे घालून पाना धरतो, तो पडतो.
पोरगा उचलून देतो, काही बोलत नाही.
काल त्यानं एक मोटर लावून पाहिली,
पाणी ताटीवरून झरझर उतरलं,
वाळ्याचा वास सुटला.
मी लांबच उभा राहिलो,
श्वास मात्र पोटाला दुखेपर्यंत घेतला.
कमरेला पंप घुरघुरत होता.
एकतीस तास उरले होते.