फिरता मासा

सहा फुटी काच मेदहतने जाताना दिली,
कैरोला नेता येईना म्हणून, फुकट.
लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी जिन्याने चढवली, पाच मजले,
नि आता हॉलमध्ये सोफा नाही, ती आहे.

ओजसची अट एकच: मासा फिरता हवा.
तळाशी लाकडाआड दबा धरून बसणारा नको.
"तसला एक आहे घरात," वनिता म्हणाली,
माझ्याकडे न बघता, भाकरी उलटत.

शारजाचा पक्षीबाजार. गाडीतून उतरताच चष्म्यावर वाफ.
ससाणे, कबुतरं, पिंजऱ्यात झोपलेला एक बोका ओलांडून
शिहाबच्या दुकानात शिरलो.
तो कुन्नमकुळमचा, हिंदी त्याची नि माझी सारखीच मोडकी.

अरोवाना दाखवला. चांदीची पट्टी, पण उडी घेतो,
झाकणावर वजन ठेवा, नाहीतर सकाळी फरशीवर सापडेल.
ऑस्कर हुशार, माणूस ओळखतो,
पण दाण्याच्या हाताकडे बघत बसतो पेन्शनरसारखा.
आणि पीकॉक बास: शेपटीवर डोळा, पोटाला हळद,
चार इंचांचा जीव, काचेच्या या टोकापासून त्या टोकाला
कुणी हाक मारल्यासारखा जातो,
तिथे कुणी नसतं,
परत येतो.
ओजसचा श्वास अडकला. "हा."

"दीड फूट होणार," शिहाब म्हणाला,
"शेजारी लहान काही ठेवू नका,
तोंडात मावलं ते त्याचं. जगेल दहा वर्षं."
दहा.
आमचा शिक्का दोन वर्षांचा, मार्चमध्ये संपतो.

मग सगळ्यात खालच्या टाकीत, अंधारात,
काहीतरी हललं नि मीच वाकलो.
सापाचं डोकं, अंगावर काळे डाग,
वर येऊन हवेचा एक घोट घेतला, खाली गेलं.
"चन्ना," शिहाब म्हणाला. "एकशे ऐंशी दिरहॅम."
अरे, मरळ ही. मरळ!

भिगवणला अण्णा पहाटे गळाला बेडूक लावून
उजनीच्या कडेला पानकणसात बसायचे.
पाटीत टाकलेली मरळ दुपारपर्यंत जिवंत,
म्हणून तिला भाव. आजाऱ्याला तिचाच रस्सा.
पाळायची म्हणून अण्णांनी तिच्याकडे जन्मात पाहिलं नसेल.
वाटलं, फोन लावावा.
मग वाटलं, दिरहॅमचे रुपये करून सांगितले
तर हसता हसता खोकला लागेल त्यांना.

"ही बसून राहते, बाबा."
खरंय. बसते. बसण्यातच तिची शिकार.

शिहाबने पैसे घेण्याआधी विचारलं, पाणी किती दिवसांचं?
काल भरलं, म्हणालो.
तो हसला नाही. "महिना थांबा. पाणी पिकू द्या.
आधी पाणी, मग मासा."
बारा वर्षं मी प्लांटवर समुद्र गाळतो,
मीठ काढून या शहराच्या नळांना पाठवतो,
नि पाण्याचं मलाच कुणी सांगावं.

रिकाम्या हातांनी आलो. गाडीत कुणी बोललं नाही.

ऑगस्टात गच्चीवरच्या टाकीचा नळ चटका देतो,
म्हणून गीझर बंद ठेवून त्यातलं गार पाणी घ्यायचं,
इथे गार-गरम उलटं आहे.
रात्रपाळीहून आलो की बादल्या भरतो, औषधाचे थेंब टाकतो,
सकाळी थर्मामीटर बुडवतो. तीस. उद्या अठ्ठावीस होईल.

टाकीत फिल्टरचा प्रवाह तेवढा फिरतो.
ओजस बोटाने दाखवतो: इथून वळेल, इथे अंगावर येईल.
वनिता, जिला हे सगळं नको होतं,
कोळंबी सोलून डब्यात गोठवून ठेवते, महिनाभर आधीच.

एकशे ऐंशीचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
मार्चचंही नाही.