परत एकदा दाब

मी धुराडी झाडते. वडीलही हेच करायचे.
या बेटावर घरं लाकडाची,
आणि वारा असा की काडी ओढायची
तर भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

आज डिसेंबरची पहिली तारीख. सूर्य गेलाय,
निम्मा जानेवारी सरल्याशिवाय येत नाही.
आज घरोघरी स्टुलावर कुणीतरी चढतं
आणि छतावरच्या पांढऱ्या बशीतली
बॅटरी बदलतं.

हाल्डिसबाईंच्या बशीत कप्पा रिकामा,
दात पडलेल्या हिरडीसारखा.
"ओरडते मेली," त्या म्हणाल्या.
"मासा तळला, ओरडते.
बटाट्याची पोळी भाजली, ओरडते.
काढली बॅटरी. पण वाया नाही घालवली हो."

खिडकीत यार्लेचा जुना रेडिओ खरखरत होता :
ईशान्येचा वारा, लाटा चार मीटर.
त्या समुद्रावर
या घरातलं आता कुणी जात नाही.

अशा वेळी काय बोलायचं
त्याचं आम्हाला पत्रक दिलेलं आहे.
मी ते घडी करून खिशात ठेवलं
आणि सांगितलं वरच्या आळीतल्या पिवळ्या घराचं.
तिथे आग स्वयंपाकघराबाहेर आलीच नव्हती.
वर झोपायच्या खोलीत चादर शाबूत,
उशाशी चष्मा, पेल्यात पाणी,
आणि चारही भिंतींवर
माझ्या गुडघ्याच्या उंचीवर एक काळी रेघ,
पूर ओसरल्यावर राहते तशी.
फक्त हा पूर वरून खाली आला होता.
एम्रिक त्या रेघेखाली जमिनीवर नव्हता.
पलंगावर होता, कुशीवर, हात गालाखाली.

जळका वास येईल, जाग येईल,
सगळ्यांना असंच वाटतं.
झोपेत नाकही झोपतं, बाई.
धूर कुणाला हाक मारत नाही.
तो पांघरूण नीट करतो.
जागा राहतो तो कान.

हाल्डिसबाई माझ्याकडे बघत राहिल्या.
मग दोन्ही कानांतली यंत्रं काढून
त्यांनी साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली.
"रात्री ही इथे असतात," जरा मोठ्यानं म्हणाल्या,
"आणि मी तिथे."

पत्रकात हे नव्हतं.

गुरुवारी मी परत गेले. बशी चुलीपासून लांब,
जिन्याच्या माथ्यावर लावली,
म्हणजे माशावर ओरडायची नाही.
उशीखाली एक चकती सरकवली
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाएवढी :
बशी ओरडली की ही थरथरते.
नवी बॅटरी आणली होती.
रेडिओतली रेडिओतच राहू दिली.

"झोपा," मी म्हटलं. "बघू या."
त्या कोटासकट आडव्या झाल्या,
बूट पलंगाबाहेर, डोळे घट्ट मिटलेले,
लहान मुलं झोपेचं सोंग घेतात तशा.
मी जिन्यात जाऊन बटण दाबलं.

बशीनं घर डोक्यावर घेतलं.
शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.
खोलीतून काहीच नाही.
मी मनात आकडे मोजले, नऊपर्यंत,
मग धावत दाराशी गेले.

त्या जाग्या होत्या. उठल्या नव्हत्या.
तळहात उशीवर सपाट ठेवलेला,
जसा कुणाच्या खांद्यावर ठेवतात.
"हिवाळ्यात बोटी पहाटे तीनला निघायच्या," म्हणाल्या.
"मीच त्याला उठवायची. असंच, गदागदा.
मला कुणी उठवायचं म्हणजे..."
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मी सांगितलं, थरथरलं की उठायचं,
वस्तू गोळा करायच्या नाहीत, रेडिओसुद्धा नाही,
दार लोटून घ्यायचं, खाली वाकून जायचं,
आणि बाहेर. तडक बाहेर. पायात काही नसलं तरी.

त्यांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.
यंत्रं अजून साखरेशेजारीच होती.
सगळं परत सांगावं लागणार होतं.

"परत एकदा दाब," त्या म्हणाल्या,
आणि डोळे मिटले.