नग एक

मनाम्यात, सोनेबाजाराच्या मागच्या गल्लीत
आमची भट्टी. मी गलाई, विट्याकडचा.
इथं सगळं ग्रॅममध्ये बोलतं.

आई म्हणायची, दागिना घालतात,
लेणं लेतात.
दागिना गहाण पडतो, अडीनडीला मोडतो,
लेण्याला मोड नाही.
मला वाटायचं, बायकांची बोलायची रीत, दुसरं काय.

आज प्रमिला गावडे आली, सलमानियाच्या हॉस्पिटलातली,
रात्रपाळीचे डोळे घेऊन.
काट्यावर बोरमाळ ठेवली.
"दागिना मोडायचाय."
मण्यांतली लाख वजा जाईल, म्हणालो.
"जाऊ दे."

मूस लाल होईस्तोवर पंख्याखाली बसली.
ओढणी सरकली तेव्हा दिसलं:
गळ्याभोवती फिकट मणी, एकाला एक लागून,
अकरा वर्षांच्या उन्हाला
न सापडलेले.

डोंगरातलं लेणंही असंच की.
दगड काढून नेल्यावर
उरतं ते.

माळ मुशीत सोडली. क्षणभर मणी मण्यासारखे राहिले,
मग नाही.

पावतीवर लिहिलं: दागिना, नग एक.
सही करायला ती वाकली
आणि डावा हात गळ्याशी गेला,
पुढं आलेली माळ
मागं सारायला.