आवक क्रमांक

सोळावं यंत्र पडद्यामागे सापडलं.
परवाना पंधरांचा.
पंचनाम्यात पडद्याचा रंगसुद्धा आहे : मोरपंखी,
इथल्याच मागावरचा.

मी परवाना शाखेतला अव्वल कारकून.
एकोणीस वर्षं 'कारणे दाखवा' लिहितोय.

मल्लेशम गुंडेटी, व्हिडिओ गेम पार्लर, साखर पेठ.
सुनावणीला कडक इस्त्री करून आला.
म्हणाला, ते यंत्र बंद होतं, साहेब.
साहेब म्हणाले, मग गरम कसं होतं?
पंचांनी हात लावून बघितला होता.
कुणीतरी हसलं. हसणं मी इतिवृत्तात घेतलं नाही.

परवाना तीस दिवस निलंबित, अनामत जप्त.
आणि खाली, नेहमीसारखं,
'या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येईल'.
हे वाक्य माझी बोटं
माझ्याआधी लिहितात.

तो हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेला.
चौथ्या दिवशी स्थगिती आली, दोन ओळींची :
नोटिशीचे सात दिवस पुरे भरलेले नाहीत.
गड्ड्याची सुट्टी मध्ये आली होती.
दिवस मोजणारा मीच.

लाखेचं सील फोडलं, किल्ली दिली.
त्यानं शेंगाचटणीचा पुडा पुढं केला, घेतला नाही.
(जिन्यात घेतला. पाव किलो. लिहून ठेवतो.)

त्याच आठवड्यात नरसव्वा कैरमकोंडा आली,
बोटांना तंबाखूचा वास, पदरात कागद.
पंचनाम्यातला साक्षीदार क्रमांक तीन
तिचा मुलगा. वय सोळा, अंगावर गणवेश.
विड्यांच्या मजुरीचे तेरा हजार
त्या गरम यंत्रात.

म्हणाली, त्यानं अपील केलं म्हणे.
मी कुठं करायचं?

मी म्हणालो, बाई, तुम्ही यात पक्षकार नाही.
तिला तो शब्द कळला नाही, किंवा
कळून तिनं तो बाजूला ठेवला,
फाटकं पान सुपातून काढावं तसा.
किती दिवस राहिले, तेवढं सांगा.

मी कॅलेंडर काढलं.
या वेळी रविवार, सुट्ट्या, सगळं धरून
दोनदा मोजलं.
बारा, म्हणालो.

अर्ज तेलुगूत होता. मला वाचता येत नाही.
शिक्का मारला, तारीख टाकली,
आवक क्रमांक दिला तीनशे एक्केचाळीस.
'कोणाकडे' हा रकाना
अजून कोरा आहे.

तिनं दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.
दिली.